पंखेवाला रमजान काय म्हणतो?

नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी नाशिकरोड सोडते आणि थोड्याच वेळात देवळाली येते. आमच्याकडच्या लोकांना देवळाली म्हणजे कॅम्प, तोफखान्याची शाळा आणि हवापालटासाठी येणाऱ्या पारशी-गुजराती मंडळींचे बंगले. पण इंग्रजी शब्दकोशात हे गाव निराळ्याच रूपात जाऊन बसले आहे. 'डुलाली' म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. गोऱ्या फौजेतल्या ज्या शिपायांची नोकरीची मुदत संपे, त्यांना मायदेशी नेणारी बोट मिळेपर्यंत देवळालीच्या छावणीत थांबावे लागे. बोटी हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनेच्या महिने काम नाही, लढाई नाही, घर नाही. नुसता उकाडा आणि वाट पाहणे. त्यात काहींची डोकी फिरत. त्या आजाराला सोजिरांनी 'डुलाली टॅप' असे नाव दिले. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप, उर्दू-फारसीतला 'तप'. इंग्रजांनी आपल्या गावाचे नाव आणि आपल्याच भाषेतला ताप एकत्र करून वेड्यासाठी शब्द घडवला, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना फार गंमत वाटते.

या देवळालीवर बीबीसीने एक विनोदी मालिका केली होती. 'इट एन्ट हाफ हॉट मम'. मराठीत सांगायचे तर, 'केवढं उकडतंय गं आई!' 3 जानेवारी 1974 रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि 3 सप्टेंबर 1981 रोजी शेवटचा. आठ पर्वे, छप्पन्न भाग. लेखक होते जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, 'डॅड्स आर्मी' या इंग्लंडात अतिशय गाजलेल्या मालिकेचे कर्ते. पेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धात देवळालीला होता, सैनिकांच्या करमणुकीसाठी तोफखान्याने उभ्या केलेल्या नाटकमंडळीत. क्रॉफ्टही युद्धाच्या काळात हिंदुस्थानात होता. म्हणजे मालिका ऐकीव माहितीवर रचलेली नव्हती. तरीही आपल्याकडच्या समीक्षेत तिचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही. लेस्टरला राहणाऱ्या एका आप्ताने तिच्या तबकड्यांचा संच आणून दिला आणि एका उन्हाळी सुट्टीत मी छप्पन्नच्या छप्पन्न भाग पाहिले. सुट्टीतले हे काम कुणी सांगितले नव्हते. पण आपल्या जिल्ह्यावर, आपल्या माणसांवर परदेशात आठ वर्षे लोक हसत होते. ते कशावर हसत होते हे पाहावेसे वाटले.

गोष्ट साधी आहे. 1945 साल, महायुद्ध संपत आलेले. देवळालीच्या छावणीत तोफखान्याची नाटकमंडळी आहे. कुणी गातो, कुणी पियानो वाजवतो, कुणी लुगडी-झगे घालून बाईचे काम करतो. त्यांचा बॅटरी सार्जंट मेजर विल्यम्स (विंडसर डेव्हिस) हा मिशाळ, गर्जना करणारा, हाडाचा शिपाई. असली नाचगाणी करणारी पोरे आपल्या हाताखाली आहेत याची त्याला शरम वाटते. यांना एकदाचे ब्रह्मदेशाच्या जंगलात लढायला पाठवावे, हा त्याचा ध्यास. पोरांचा ध्यास एकच, देवळाली सोडायची नाही. वर कर्नल रेनल्ड्स आणि कॅप्टन अॅशवूड हे दोन अधिकारी. त्यांना नाटके आवडतात, म्हणून पोरांचा जीव वाचलेला. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल. बोमाँट नावाचा गनर स्त्रीपार्टी आहे, त्याला सगळे 'ग्लोरिया' म्हणतात आणि सार्जंट मेजरच्या लेखी तो पुरुषच नव्हे. ज्या भाषेने बालगंधर्वांचे शालू-शेले डोक्यावर घेतले, त्या भाषेतल्या माणसाला या शिव्यांत हसण्यासारखे काय आहे ते लवकर उमगत नाही. मला तरी उमगले नाही.

पण मालिकेचा खरा कणा या गोऱ्यांत नाही. तो आहे तिघा देशी माणसांत. रंगी राम हा बेअरर, चायवाला मुहम्मद, आणि अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बसून दोरी ओढत राहणारा पंखेवाला रमजान. गोरे नाटक करतात आणि हे तिघे बघतात. रंगी राम स्वतःला इंग्रजच समजतो. 'आम्ही ब्रिटिश' अशीच त्याची भाषा. कॅमेऱ्याकडे तोंड करून तो आपल्याशी बोलतो, छावणीत काय चालले आहे ते समजावतो, शेवटी 'जुनी हिंदू म्हण' म्हणून काहीतरी ठोकून देतो. आणि साहेबाने आपल्याला दिलेली वागणूक तो खालच्या दोघांना देतो. चायवाल्यावर ओरडतो, पंखेवाल्याला दटावतो. गुलामीची ही उतरंड पेरी-क्रॉफ्ट यांनी फार अचूक टिपली आहे. नोकरशाहीत काम केलेल्या कुणालाही रंगी राम ओळखता येईल. आमच्या शिक्षणखात्यात असे कितीतरी आहेत; नावे घेत नाही.

आता अडचण इथून सुरू होते. रंगी रामचे काम करणारा मायकेल बेट्स हा गोरा माणूस होता. चेहऱ्याला रंग फासून तो हिंदुस्थानी झाला होता. त्याचा जन्म झाशीचा, 1920 चा. युद्धात तो गुरखा पलटणीत अधिकारी होता, ब्रह्मदेशात लढला होता, हिंदुस्थानी बोलत असे. त्याच्या तोंडचा लहजा नकली असला तरी अजाण नाही. मालिकेच्या बाजूने बोलणारे हेच सांगतात, आणि त्या काळी इंग्लंडात या तोडीचा हिंदुस्थानी नट नव्हता असेही सांगतात. हे दुसरे म्हणणे मला पटत नाही. सईद जाफरी तेव्हा लंडनमध्येच होते. 'द मॅन हू वुड बी किंग' हा त्यांचा चित्रपट 1975 चा आहे. त्यात मायकेल केन आणि शॉन कॉनरी यांच्यासमोर ते कसे उभे राहतात ते पाहावे. नट होते. मोठी भूमिका त्यांना द्यावी हे कुणाच्या मनात आले नाही.

गंमत अशी, की चायवाला आणि पंखेवाला यांची कामे मात्र आपल्याकडच्याच माणसांनी केली. चायवाला झालेला दिनो शफीक ढाक्याचा, 1930 साली जन्मलेला. पंखेवाला झाला बाबर भट्टी. म्हणजे बोलणारा, सूत्रधाराचा मान असलेला हिंदुस्थानी हा रंग फासलेला गोरा. आणि खरे हिंदुस्थानी कुठे, तर किटलीपाशी आणि दोरीपाशी. पडद्यावर जी उतरंड होती तीच पडद्यामागेही होती. मालिकेला हे ठाऊक नव्हते.

आणि तरीही मी पहिली दोन पर्वे पाहताना हसले. खोटे का बोलू? हसले ते पंखेवाल्यामुळे. पंखेवाला रमजान सगळ्यांत खालचा. साहेब आत बोलतात, त्यांना वाटते बाहेर बसलेल्याला काय कळते. आणि तो सगळे ऐकत असतो. मग तो स्वतःशीच उर्दूत बडबडतो, आणि बडबडीचा शेवट एखाद्या इंग्रजी तुकड्याने करतो. इंग्रज प्रेक्षक त्या शेवटच्या तुकड्याला हसत असे, कारण त्याला तेवढेच समजत होते. त्याआधीची उर्दू त्याच्यासाठी नुसता आवाज होता. माझे तसे नाही. मी मुलांना उर्दू शिकवून पोट भरते. त्यामुळे जिथे स्टुडिओतले प्रेक्षक शांत असतात तिथे मी हसते आणि जिथे ते हसतात तिथे माझे हसून झालेले असते. एकाच प्रसंगात दोन विनोद चालू आहेत, आणि एक विनोद इंग्लंडला आठ वर्षे ऐकूच आलेला नाही!

शाळेच्या शिक्षककक्षात मी एकदा दोन भाग सहकाऱ्यांना दाखवले. आमचे शिपाई चाचा चहा घेऊन आले आणि ट्रे हातात घेऊन तसेच उभे राहिले. पडद्यावर चायवाला मुहम्मद हिंडत होता. चाचा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "टीचर, ये सब को चाय पिला रहा, पैसे कौन दे रहा?" सगळे हसले. मी त्या अंगाने मालिका पाहिलीच नव्हती. नंतर मात्र पाहताना माझे लक्ष सारखे किटलीकडे जाऊ लागले.

मालिका ढासळली कधी? इंग्लंडातले रसिक बहुधा 1978 साल सांगतील. त्या वर्षी 11 जानेवारीला मायकेल बेट्स वारला. माझ्या मते ढासळणे त्याआधीच सुरू झाले होते आणि त्याचे कारण भूगोलात आहे. पुढच्या पर्वांत लेखकांनी मंडळीला देवळालीतून उचलले आणि ब्रह्मदेशात, तिन मिन नावाच्या आघाडीजवळच्या काल्पनिक ठिकाणी नेऊन टाकले. लेखकांची अडचण समजते. तेच तंबू, तीच रंगभूमी, तीच तालीम किती वर्षे दाखवणार? पण विनोदी मालिकेची माणसे कुठेतरी अडकलेली असावी लागतात. घरात, कचेरीत, चाळीत, वर्गात. बाहेर पडायचे आहे आणि पडता येत नाही, किंवा आत राहायचे आहे आणि कुणीतरी बाहेर ढकलते आहे. देवळालीत ही दोन्ही टोके होती. सार्जंट मेजरची 'जंगलात पाठवीन' ही धमकी होती, आणि धमकी खरी होण्याची भीती होती. त्या भीतीतून पोरांची सगळी कारस्थाने निघत. आता जंगल आले. धमकी संपली. शत्रू, दरोडेखोर, खजिने, वेषांतरे असे प्रसंग मग बाहेरून आणावे लागले. चित्रण सगळे इंग्लंडातच झालेले. देवळालीची छावणी तंबू आणि मातीवर भागून गेली होती, जंगलाचे तसे भागत नाही. आधी माणसाच्या स्वभावातून हशा निघत होता, तो आता घटनेतून निघू लागला.

त्याआधीच जॉर्ज लेटन हा नट दोन पर्वांनंतर मालिका सोडून गेला होता. त्याचा बाँबार्डिअर सोलोमन्स हा नाटकमंडळीचा चलाख म्होरक्या होता. त्याच्या जागी बढती मिळाली ग्लोरियाला. मेल्विन हेजने ते काम झोकून देऊन केले, पण चलाखी गेली आणि किंचाळणे वाढले. सार्जंट मेजरचे 'शट अप' हे वाक्य पहिल्या पर्वात प्रसंगानुसार येते. पुढे ते प्रेक्षकांना हवे म्हणून येते. लोकप्रियतेचा हा शाप सगळ्याच लांबलेल्या मालिकांना भोवतो. 1975 साली विंडसर डेव्हिस आणि बुटका, गोड गळ्याचा लॉफ्टी झालेला डॉन एस्टेल यांच्या गाण्याची तबकडी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. त्यानंतर पात्रे मालिकेची राहिली नाहीत, जनतेची झाली. जनतेची झालेली पात्रे बदलू शकत नाहीत.

त्याच वर्षांत अमेरिकेत 'मॅश' चालू होती. तीही सैन्यावरची विनोदी मालिका. 1972 ते 1983. तीन वर्षांच्या कोरियन युद्धावर ती अकरा वर्षे चालली. तिचेही नट गेले, लेखक लॅरी गेलबार्ट गेला, ती बदलली. पण तिने 1975 सालीच हेन्री ब्लेक या लाडक्या पात्राला घरी जाता जाता मारले आणि प्रेक्षकांना बजावले की इथे माणसे खरोखर मरतात. पुढे ती गंभीर झाली, काहींच्या मते उपदेशक झाली. मला शेवटच्या पर्वांतले तिचे व्याख्यान कंटाळवाणे वाटते. तरी वय वाढल्यावर तिला निदान पश्चात्ताप सुचला. पेरी-क्रॉफ्टच्या मंडळीला तो सुचला नाही. त्यांनी हसणे पुढे चालू ठेवले.

बेट्सच्या जागी लेखकांनी दुसरा रंग फासलेला माणूस आणला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. रंगी राम मालिकेतून नाहीसा झाला, आणि चायवाला व पंखेवाला यांचा वाटा वाढला. वाचून वाटेल, हे तर चांगलेच झाले. खऱ्या देशी माणसांना अखेर जागा मिळाली. मीही उत्सुकतेने सहावे पर्व लावले होते. पण वाटा वाढला तो मिनिटांत. रंगी रामला कॅमेऱ्याशी बोलण्याचा, गोष्ट आपल्या बाजूने सांगण्याचा जो हक्क होता, त्याचे वजन या दोघांना मिळाले नाही. रंगी राम खोटा होता, पण त्याची नजर मालिकेला वरून पाहत होती. तो गेल्यावर बघणारे कुणी राहिले नाही, गोऱ्यांचा गोंधळ तेवढा उरला. मालिकेतली सगळ्यांत आक्षेपार्ह गोष्ट आणि सगळ्यांत सकस गोष्ट एकाच माणसात होती. हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. आजही ते मी कुरकुरतच लिहिते आहे.

दिनो शफीकविषयी थोडे लिहिले पाहिजे. याच काळात, 1977 ते 1979, तो प्रतिस्पर्धी वाहिनीवर 'माइंड युवर लँग्वेज' या मालिकेत अली नदीम हा इंग्रजी शिकायला आलेला पाकिस्तानी झाला होता. पुढे 1993 साली आपल्या दूरदर्शनवर 'जबान संभाल के' आली ती त्याच मालिकेवरून. भाषेच्या वर्गावरची मालिका म्हणून आम्हा शिक्षकांना ती जिव्हाळ्याची. पण तिथेही अलीचे काम एवढेच, की प्रश्न चुकीचा समजून घ्यायचा आणि निष्पापपणे चुकीचे उत्तर द्यायचे. वर्गात असा मुलगा असतो. त्याला आपण वर्षअखेर पुढच्या इयत्तेत ढकलतो. अलीला कुणी वरच्या वर्गात घातले नाही. 1984 साली, चोपन्न वर्षेही पूर्ण झाली नसताना, शफीक वारला.

'इट एन्ट हाफ हॉट मम'मध्ये शफीकला गाणी होती. प्रसंगांच्या मध्ये तो सतारीच्या साथीवर त्या काळातली लोकप्रिय इंग्रजी गाणी म्हणतो. श्रेयनामावली सुरू झाली की 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे साम्राज्याच्या वैभवाचे गाणे म्हणतो. मन लावून म्हणतो. आणि पडद्याबाहेरून सार्जंट मेजर ओरडतो, 'शट अप!' प्रत्येक भागाचा शेवट असा. साम्राज्याचे गोडवे मुहम्मद नावाचा चायवाला गातो आणि साम्राज्य त्याला गप्प बस म्हणते. लेखकांनी हे गमतीसाठी केले असेल. हेच दृश्य आपल्याकडच्या एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर आपण त्यावर परिसंवाद घेतले असते. हे नाव असे हाका मारायला वापरलेले ऐकून आमच्यातल्या काहींना वाईट वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटले. पण आमच्या मोहल्ल्यात मुहम्मद नावाचा चहावाला आहे, आणि त्याला गिऱ्हाइके याहून बऱ्या आवाजात हाक मारतात असे नाही.

शेवटच्या भागाचे नाव 'द लास्ट रोल कॉल'. अखेरची हजेरी. युद्ध संपलेले आहे, मंडळी इंग्लंडला परत आली आहे, सैन्यातून मोकळी होऊन घरोघर पांगते आहे. आठ वर्षे बरोबर असलेल्या माणसांचा निरोप म्हणून तो भाग हृद्य आहे. आवाज खाली आलेले आहेत. ज्या घरासाठी पोरे झुरत होती ते घर आता समोर आहे आणि ते थंडगार आहे. सार्जंट मेजर तर सैन्याबाहेर कोण आहे, असा प्रश्न पडावा अशी त्याची अवस्था. विंडसर डेव्हिसने हे फार संयमाने केले आहे. मधल्या चार पर्वांत गर्जना करून त्याने जे घालवले होते ते इथे बरेचसे परत मिळवले. मला भरून आले, हे कबूल करते.

पण भरून आले तेव्हाच दुसरे मन हिशेब करू लागले. मालिका देवळालीत सुरू झाली आणि संपली इंग्लंडात. गोष्ट गोऱ्यांबरोबर बोटीत चढून गेली. किटली आणि दोरी इकडेच राहिली. मालिका 1947 पर्यंत येतच नाही. येण्याचे तिला कारणही नाही. रमजान कोणत्या गावचा, पंखा विजेवर गेल्यावर त्याने काय केले, मुहम्मद इथेच राहिला की सीमा ओलांडून गेला? या प्रश्नांची उत्तरे इंग्रज लेखकाने द्यावीत अशी माझी अपेक्षा नाही. ती आपल्या लेखकांनी द्यायची होती. देवळाली, नाशिक, मालेगाव, मनमाड या पट्ट्यात छावणीवर पोसलेली मुसलमान घराणी थोडी नव्हती. खानसामे, धोबी, न्हावी, दर्जी, सईस. त्यांच्यावर मराठीत कथा किती, आणि उर्दूत तरी किती? आपली कमाई इथे तुटपुंजी आहे. छप्पन्न भाग इंग्रजांनी केले, चुकीचे का असेनात.

पुढे बीबीसीने या मालिकेचे पुनःप्रक्षेपण टाळले. रंग फासलेला चेहरा, ग्लोरियाला दिलेल्या शिव्या, देशी माणसांची थट्टा ही सगळी कारणे खरी आहेत. पेरी म्हातारपणी म्हणत असे की आम्ही लिहिलेल्यांत सर्वांत विनोदी मालिका हीच, पण तिच्याविषयी आता बोलायची सोय राहिलेली नाही. तो 2016 साली गेला. एक बाजू म्हणते मालिका दाखवू नका, दुसरी म्हणते पूर्वी लोक किती मोकळेपणाने हसत असत. दोघांनाही उर्दू येत नाही. रमजान काय बोलत होता हे न कळताच एकाने त्याचा अपमान झाला असे ठरवले आणि दुसऱ्याने त्याची गंमत झाली असे ठरवले.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी रमजानची वाक्ये वहीत उतरवून घेते आहे. मूळ उर्दूत, आणि समोरच्या पानावर मराठीत. काम सावकाश चालते. ध्वनिमुद्रण जुने आहे, प्रेक्षकांच्या हशात शब्द बुडतात. एखादा तुकडा लागलाच नाही की शाळेत नेऊन शिपाई चाचांना ऐकवते. चाचा कान पडद्याजवळ नेतात, मला पुन्हा लावायला सांगतात. पहिल्या पर्वाचे आठ भाग उतरून झाले आहेत.